पुकारा बंद, टकटक सुरू

कोर्टात सगळे तिला भोंगाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं ऐकू येऊ नये एवढं ते कोर्ट मोठं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते नाव आवडायचं. पुकारा करणं हे तिचं काम. खटला निघाला की दरवाज्यात उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि समोरच्या माणसाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, असं फेकायचं की खालच्या मजल्यावर झेरॉक्सच्या रांगेत उभा असलेलाही दचकून वर बघावा. तिच्या आधी हे काम पुरुषच करत. ती लागली होती फरशी पुसायला. एकदा पुकाऱ्याच्या शिपायाचा घसा बसला आणि तो दरवाज्यात नुसताच हात हलवत राहिला, तेव्हा हिनं बादली खाली ठेवली, त्याच्या हातातला कागद घेतला आणि नाव पुकारलं. तिची बादली सुटली ती त्या दिवशी. नंतर किती न्यायाधीश आले नि बदलून गेले, भोंगा मात्र जागेवरच राहिला.

पुकाऱ्याबरोबर तिनं आणखी एक काम आपणहून अंगावर घेतलं होतं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून पुटपुटायला लागला की ती भिंतीपासून दोन पावलं पुढं यायची आणि म्हणायची, "मोठ्यानं बोला, साहेबांना ऐकू जात नाही." चोर, सावकार, भांडखोर शेजारी, सगळ्यांना तिनं हे ऐकवलं होतं. अत्याचाराच्या खटल्यात उभ्या राहिलेल्या बायकांनाही तेच. त्या मान खाली घालून एवढंसं बोलत आणि हिला वाटे, काय ही माणसं! खरं आहे तर ठणकावून बोलायला काय झालं? आपल्याला बाई कधी अडकलं नाही. आता, जिच्या घशातून आजवर फक्त दुसऱ्यांचीच नावं गेली, तिचं अडकणार तरी काय, हे तिला कुणी विचारलं नाही.

घरी ती थोरली सून. सासूबाईंचे कान गेले होते आणि अख्ख्या घरात त्यांना ऐकू यायचा तो एकट्या थोरलीचा आवाज. नवऱ्याला, दिराला आईला काही सांगायचं असलं की थोरलीच्या तोंडून सांगावं लागायचं. जेवायला बसा इथपासून डॉक्टर काय म्हणाले इथपर्यंत सगळं. सासूबाई म्हणायच्या, "माझे कान म्हणजे माझी थोरली." घरात एवढा मान असल्यावर माणसाला आणखी काय हवं?

आणि मग धाकटी कानामागून आली आणि तिखट झाली.

धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. आधी एका दवाखान्यात दारापाशी बसून रोग्यांची नावं लिहून घ्यायची. बोलणं इतकं हळू की शेजारी बसलेल्यानं कान पुढं करावा. कोर्टात जागा निघाल्याची बातमी घरी आणली तीही थोरलीनंच. तिला वाटलं, फरशी पुसायची जागा असेल. येऊ दे हिला माझ्या हाताखाली, बघू दे जरा बादली कशी उचलतात! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. जागा फरशीची नव्हतीच. नव्या न्यायाधीशबाई आल्या होत्या आणि त्यांनी अत्याचाराच्या खटल्यांची सगळी पद्धतच बदलायला घेतली होती. त्या बायकांना आरोपीच्या भाऊबंदांशेजारी व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचं नाही. त्यांना वेगळी खोली, आत यायला मागचा दरवाजा, पिंजऱ्यापाशी पडदा. उगाच तारखेवर तारीख द्यायची नाही. आणि त्यांच्या सोबतीला, धीर द्यायला, काय होणार ते समजावून सांगायला एक बाई. ती बाई झाली धाकटी.

वेगळी खोली कुठली काढावी? मागच्या बोळाच्या टोकाला एक अडगळीची खोली होती. मोडक्या खुर्च्या, एक पाय नसलेलं टेबल, आणि त्या पसाऱ्यात थोरलीचा संसार. तिचा डबा, घरात घालायच्या चपला, खिळ्याला टांगलेला फुटका आरसा. दुपारी दार लोटून ती तिथं पाय पसरायची. एका सोमवारी ती आली तर खुर्च्या गेलेल्या, भिंतींना फिकट पिवळा रंग, खिडकीला पडदा, कोपऱ्यात पाणी तापवायची किटली. तिचा आरसा एका पिशवीत घालून दारामागे नीट ठेवलेला. "जाऊबाई, तुमच्या वस्तू मी जपून ठेवल्यात हं," धाकटी म्हणाली. तिनं आरसा फेकून दिला असता तर थोरलीला निदान भांडता तरी आलं असतं.

भांडायला जागाच ठेवायची नाही, हा धाकटीचा मोठा दोष होता. कोर्टात महिन्याभरात सगळे तिला 'ताई' म्हणायला लागले. स्टेनो, नाझर, सरकारी वकीलबाई, खुद्द न्यायाधीशबाईसुद्धा. थोरलीला इतक्या वर्षांत 'अहो बाई'च्या वर कुणी चढवलं नव्हतं. घरी धाकटीनं पहिल्या पगारात सासूबाईंना कानाचं मशीन आणलं. ते कानात बसलं त्या संध्याकाळी थोरलीनं नेहमीसारखी हाक मारली, "आई, जेवायला!" सासूबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "अगं, हळू बोल की! कानठळ्या बसल्या माझ्या. धाकटी बघ कशी बोलते." थोरली ताटं मांडता मांडता आत गेली आणि उगाचच एक भांडं आपटून आली.

रात्री नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या आईला आता माझा आवाज टोचायला लागलाय."

नवरा म्हणाला, "मला तर लग्नापासून टोचतोय. मी काही मशीन लावलं नाही, उलट कापूस घातला." आणि स्वतःच्या विनोदावर हसत कूस बदलून झोपी गेला. ती मात्र जळत पडून राहिली. पोटात दुखतंय म्हणावं तर ओव्याची गरज नव्हती, दुखण्याचं नाव तिला चांगलं ठाऊक होतं.

सगळ्यांत वर्मी लागला तो पुकारा. या खटल्यांत आता नाव पुकारायचं नव्हतं. हुकूम निघाला: व्हरांड्यात फक्त खटल्याचा नंबर, तोही हळू आवाजात. भोंग्याला सांगायचं की कुजबुज कर! आणि बाई खोलीत बसलेली, तिला तो हळू नंबर ऐकू कसा जाणार? म्हणून धाकटीनं आणि तिनं आपसांत एक ठरवलं होतं. म्हणजे ठरवलं धाकटीनं, थोरलीनं मान हलवली. आरोपीला पडद्यापलीकडे बसवून झालं, सगळी तयारी झाली, की थोरलीनं बोळातून जाऊन खोलीच्या दारावर दोनदा ठोठावायचं. मग धाकटी साक्षीदाराला घेऊन येणार. दोनदा ठोठावल्याशिवाय दार उघडायचं नाही, कारण एकदा एका आरोपीचा मेहुणाच वाट चुकल्याचं निमित्त करून दार ढकलून आत डोकावला होता. ही टकटक हुकुमात कुठं लिहिलेली नव्हती. दोन जावांच्या तोंडी करारावर कोर्टाचं एवढं मोठं काम चाललं होतं.

त्या दिवशी धोबीखान्यात कपड्यांना इस्त्री करणाऱ्या एका तरुण बाईची साक्ष होती. खटला धोबीखान्याच्या मालकावर. ती याआधी तीनदा येऊन परत गेली होती. एकदा मालकाचे वकील आजारी, एकदा वीज नाही, एकदा कागदच सापडेना. मागच्या खेपेला तिनं सरकारी वकीलबाईंना सरळ सांगितलं होतं, "आता पुन्हा तारीख पडली तर मी येणार नाही. घरातून निघताना दर वेळी मरायला होतं." म्हणून न्यायाधीशबाईंनी आजचा दिवस तिच्यासाठी राखून ठेवला होता. हे थोरलीला माहीत होतं. कोर्टात सगळ्यांना माहीत होतं.

मालक पडद्यामागे बसला. त्याच्या वकिलांनी घसा साफ केला. त्यांना कोर्टात खोकलेवाले वकील म्हणत, कारण समोरची बाई धीर करून दोन वाक्यं बोलली की त्यांना नेमकी ढास लागायची. न्यायाधीशबाईंनी थोरलीकडे बघून मान हलवली. थोरली बाजूच्या दारानं बोळात शिरली, खोलीपाशी आली आणि ठोठावायला हात वर केला.

आतून हसण्याचा आवाज आला.

"...आणि आमच्या जाऊबाईंनी नुसतं 'आई' म्हटलं," धाकटी सांगत होती, "तर सासूबाईंनी मशीन काढून डब्यात टाकलं आणि डब्याला झाकण लावलं! शेजारची म्हातारी विचारायला आली, भोंगा झाला का म्हणून." ती इस्त्रीवाली खळखळून हसली. धाकटीही हसली.

थोरलीचा हात हवेतच राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली. अस्सं! माझ्या खोलीत बसून, माझ्या घरच्या गोष्टी, मलाच हसायला! ठोठावू? मी? त्यांची करमणूक झाली का बघायला? तिनं हात खाली घेतला, पावलांचा आवाज न करता मागे फिरली, कोर्टातून सरळ व्हरांड्यात गेली आणि हुकुमात लिहिलं होतं तस्सं, हळू आवाजात, खटल्याचा नंबर तीनदा पुकारला. समोरच्या बाकावर एक म्हातारा पेंगत होता, त्याचीसुद्धा झोप मोडली नाही. कुणी ओ दिली नाही. कोण देणार?

तिचा हिशेब साधा होता. न्यायाधीशबाई विचारतील, ताई कुठं आहेत? ताईंना बोलावणं जाईल. ताई धावत येतील आणि सगळ्यांसमोर बोलणी खातील. आपण म्हणू, टकटक लेखी कुठं आहे? एकदा, फक्त एकदा, त्या ताईचा चेहरा उतरलेला बघायचा होता तिला. यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं. मत्सराला लांबचं दिसत नाही.

आत येऊन ती म्हणाली, "साक्षीदार हजर नाही, बाईसाहेब."

सरकारी वकीलबाई ताडकन उभ्या राहिल्या. "सकाळी भेटले मी तिला. खोलीतच होती."

"होती," खोकलेवाले वकील उठत म्हणाले. आज त्यांना ढास नव्हती. "आता नाही. घाबरली आणि गेली. खोटं सांगायलाही छाती लागते, बाईसाहेब. चार वेळा झालं. माझे अशील कामधंदा सोडून येतात. आता तिची वाट न बघता पुरावा बंद करावा अशी माझी विनंती आहे."

न्यायाधीशबाईंनी थोरलीकडे बघितलं. "खोलीपर्यंत गेला होतात ना?"

"गेले होते, बाईसाहेब," थोरली म्हणाली. हे खरंच होतं. शब्दन् शब्द खरा होता, आणि तोंडातून बाहेर पडता पडताच तो तिच्या जिभेला कडू लागला.

सरकारी वकीलबाई हळूहळू खाली बसल्या. "मागच्या वेळी म्हणाली होती," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "म्हणाली होती येणार नाही म्हणून." त्यांनी पुढची तारीखही मागितली नाही. मागून कुणाला आणणार होत्या?

कुणी ताईचं नाव काढलं नाही. कुणी बोलावणं पाठवलं नाही. आपण म्हटलं हजर नाही आणि सगळ्यांनी मान्य केलं, कारण इतक्या वर्षांत आपला पुकारा कधी चुकला नव्हता. आपल्या शब्दाला या कोर्टात किंमत आहे, हे थोरलीला त्या क्षणी कळलं. हवं होतं तेव्हा कुणी सांगितलं नाही. पडद्याच्या फटीतून मालक दिसत होता. त्यानं चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला आणि घड्याळात बघितलं. दुकान उघडायला अजून वेळ आहे, असा चेहरा. न्यायाधीशबाईंनी स्टेनोला सांगायला सुरुवात केली, "पुकारा करूनही साक्षीदार गैरहजर..."

थोरली भिंतीपासून दोन पावलं पुढं आली. नेहमीचीच दोन पावलं. तिनं तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. घसा होता, जीभ होती, शब्दही होते, पण ते छातीत कुठंतरी अडकून बसले. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या होत्या आणि तिला वाटलं, इतके डोळे या खोलीत आजवर होते तरी कुठं?

"मी..." ती पुटपुटली.

"काय?" खोकलेवाले वकील वळून म्हणाले. "मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही."

स्टेनो तोंडावर हात ठेवून हसली. भोंगाबाईला मोठ्यानं बोला म्हणायची वेळ यावी! थोरलीनं पिंजऱ्याचा लाकडी कठडा धरला. हा कठडा इतका गुळगुळीत का झालाय, हे तिला आज समजलं.

"मी ठोठावलं नाही," ती म्हणाली. पहिल्यांदा फक्त ओठ हलले. दुसऱ्यांदा स्टेनोला ऐकू गेलं आणि तिचं हसू मावळलं. तिसऱ्यांदा न्यायाधीशबाईंना. "दारापर्यंत गेले. त्या आत आहेत. दोघी. मी मुद्दाम ठोठावलं नाही."

"मुद्दाम?"

"मुद्दाम, बाईसाहेब."

खोकलेवाले वकील काहीतरी बोलायला उठले. न्यायाधीशबाईंनी हातानंच त्यांना बसवलं. थोरलीला त्या रागावल्या नाहीत, तेवढा वेळच नव्हता त्यांना. "जा," त्या म्हणाल्या, "आणि ठोठावा."

ती पुन्हा त्याच बोळातून खोलीपाशी गेली. तिनं दोनदा ठोठावलं. दार उघडलं. "आलो, जाऊबाई," धाकटी म्हणाली, मग थोरलीचा चेहरा बघून थबकली. तिच्यामागून ती इस्त्रीवाली बाहेर आली. हातावर भाजल्याचे जुने डाग, वय असेल धाकटीहूनही कमी. "याच का त्या?" तिनं थोरलीकडे बघत धाकटीला विचारलं. "यांचाच का तो आवाज?" आणि थोरलीला म्हणाली, "ताई सांगत होत्या, तुमच्या आवाजातला मूठभर जरी मला मिळाला ना, तरी आजचं काम भागेल. म्हणून सारख्या तुमच्याच गोष्टी सांगायला लावत होते मी."

थोरली बाजूला झाली.

साक्ष झाली. इस्त्रीवाली हळूच बोलली, अगदी एवढंसं. मध्येच खोकलेवाल्यांना ढास लागली आणि न्यायाधीशबाईंनी त्यांना व्हरांड्यात जाऊन खोकून यायला सांगितलं. परत आल्यावर त्यांनी सवयीनं थोरलीकडे बघितलं, ती आता 'मोठ्यानं बोला' म्हणेल म्हणून. थोरली भिंतीला पाठ लावून उभी राहिली, ढिम्म. "मला ऐकू येतंय," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुम्ही बोला, बाई." आणि ती बोलली, शेवटपर्यंत.

दुपारी दोन कागद निघाले. एकात थोरलीकडून लेखी खुलासा मागितला होता आणि तो मिळेपर्यंत तिचा पुकारा बंद. दुसऱ्यात ठोठावण्याची पद्धत रीतसर लिहिली होती: कुणी, कधी, कुठल्या दारावर, आणि साक्षीदार दिसला नाही तर खोली उघडून बघितल्याशिवाय गैरहजर म्हणायचं नाही. तोंडी करार संपला. थोरली व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली, जिथं पूर्वी त्या बायका बसायच्या. धाकटी पाण्याचा पेला घेऊन आली, दोन्ही हातांत धरून, ती साक्षीदारांना देते तसा.

"घरी काही सांगू नकोस," थोरली म्हणाली.

"मी काय सांगणार आहे, जाऊबाई?"

आणि तेवढ्यातही, पाणी घशाखाली उतरत असतानाही, थोरलीच्या मनात आलंच, बघा, पेलासुद्धा कसा धरते! सुंभ जळला तरी पीळ कुठं जातो?

संध्याकाळी ताटं मांडली. थोरली सासूबाईंपाशी गेली आणि म्हणाली, "आई, जेवायला चला."

सासूबाई तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी कानातलं मशीन काढलं, फुंकलं, पुन्हा बसवलं. "हे बिघडलंय वाटतं. थोरलीचे नुसते ओठ हलताना दिसतायत." त्यांनी सुनेकडे तोंड वर केलं. "मोठ्यानं बोल गं!"

नवरा हसला. दीर म्हणाला, आज सूर्य कुठं उगवला होता? सगळे थोरलीकडे बघत होते. धाकटी मात्र खाली मान घालून वाढत होती. तिनं नुसतं पुढं होऊन सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना पानावर आणून बसवलं. ना एक शब्द बोलली, ना थोरलीकडे एकदा बघितलं. तोंड उघडलं असतं तर अख्खं घर तिचं होतं. थोरली ताटासमोर बसली. एवढं गप्प बसायला ही कुठं शिकली, याचा तिला हेवा वाटत होता.